फ्लॉपीचा डबा आणि गोरेगावची तारीख

आमच्या पुण्याच्या कार्यालयात भिंतीवर महाराष्ट्राचा एक मोठा नकाशा होता. त्यात हिंगोली जिल्हा नव्हता. नकाशा जुना होता आणि जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता. नवा नकाशा आणावा असं कोणालाच वाटलं नाही. त्याच नकाशावर आम्ही चार टाचण्या टोचल्या, त्या लाल दोऱ्याने जोडल्या, आणि दोऱ्याकडे बघत कित्येक महिने काम केलं. टाचण्या म्हणजे एका धर्मादाय संस्थेचे चार दवाखाने: हिंगोली, सेनगाव, गोरेगाव आणि वारंगा फाटा. दोरा म्हणजे टेलिफोनची लाइन. चार ठिकाणी चार कॉम्प्युटर, पण चौघांचं मिळून यंत्र एकच. कुठल्याही टाचणीवर बसावं आणि कुठल्याही रुग्णाचं कार्ड उघडावं. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम आमच्या कार्यालयाचा, आणि या योजनेची प्रमुख मी होते. वय सत्तेचाळीस, नोकरी बावीस वर्षांची, आणि गोरेगाव कधी पाहिलेलं नव्हतं.

गरज मात्र खरी होती, आणि ती आमच्या डोक्यातून निघालेली नव्हती. बाईला दिवस जातात सासरी, तपासण्या होतात सासरच्या दवाखान्यात, आणि बाळंतपणाला ती जाते माहेरी. बाई जाते, कागद सासरीच राहतो. माहेरचा डॉक्टर तिला पहिल्यापासून सगळं विचारतो आणि ती लाजत अर्धं सांगते. संस्थेला हवा होता तो बाईबरोबर माहेरी जाणारा कागद.

लाल दोरा पहिल्याच महिन्यात तुटला. गोरेगावच्या लाइनवर माणसाचा आवाज धड पोचत नव्हता, तिथे कॉम्प्युटरची कुजबुज काय पोचणार. मग संस्थेच्या डॉक्टरांनी आम्हाला न विचारता मार्ग काढला. दर शनिवारी प्रत्येक दवाखान्याने आठवड्यात बदललेली कार्डं फ्लॉपीवर भरायची, फ्लॉपी स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घालायची आणि डबा जीपने हिंगोलीला पाठवायचा. तिथे चारही फ्लॉप्या एकत्र करायच्या आणि एकत्र झालेली प्रत सोमवारी त्याच डब्यातून परत. आमच्या अहवालात याला 'विलंबित दळणवळण प्रणाली' म्हटलं आहे. जीप आणि डबा हे शब्द अहवालात नाहीत.

आता प्रश्न असा: एकाच बाईची दोन वेगळी कार्डं दोन दवाखान्यांतून आली, तर खरं कोणतं? मी नियम लिहिला: ज्याच्यावर अलीकडची तारीख ते खरं, दुसरं टाकून द्यायचं. तारीख कॉम्प्युटर आपल्या आत चालणाऱ्या घड्याळावरून स्वतःच टाकणार. एका ओळीचा नियम. मला तो फार सुटसुटीत वाटला होता.

वर्षभराने हिंगोलीहून पत्र आलं: गोरेगावच्या नोंदी गळतात. लिहिलेलं आठवड्याने नाहीसं होतं. कार्यालयात बैठक झाली. एकाने व्हायरस म्हटलं, एकाने धूळ म्हटलं, आणि बाकी सगळ्यांनी ऑपरेटर म्हटलं. कॉम्प्युटर बिघडला की तो चालवणारा माणूस अडाणी असतो, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना शोध. तो सिद्ध करून यायला मला पाठवलं.

हिंगोली

जानेवारी होता. लॉजवाल्याने रजिस्टर पुढे केलं आणि माझ्या मागे बघत विचारलं, "सोबत कोन हाय?"

"ब्रीफकेस."

"न्हाई, म्हंजे माणूस?"

"माणूस पुण्याला आहे. गरम पाण्याचं मलाच विचारायचं."

गरम पाणी आलं नाहीच, पण त्या दिवसापासून खोलीवर येणारा चहा गरम आणि वेळेवर येऊ लागला. पुण्यात मला इतक्या लवकर कोणी घाबरलेलं नाही.

संस्थेचे मुख्य डॉक्टर मुंदडा साठीचे, बारीक, आणि अजिबात न हसणारे. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायला लावल्या. आत कॉम्प्युटरला कुंची घातलेली होती, आणि त्याच टेबलाच्या काठावर भरलेला माठ. चपलांची धूळ चालत नव्हती, पाणी चालत होतं.

"नोंदी गोरेगावच्याच का जातात?" मी विचारलं.

"हे मी तुम्हाला पत्रात विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले.

मी डबा मागवला. तीन डब्यांचा साधा टिफिन होता, झाकणावर खिळ्याने संस्थेचं नाव कोरलेलं. जीप गफारभाईंची. पांढरी दाढी, लोकरी टोपी, आणि जीपच्या मागच्या बाजूला ढोलाएवढे दोन स्पीकर. स्पीकर बघताच माझं समाधान झालं. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं आणि चुंबकाशेजारी ठेवलेली फ्लॉपी पुसली जाते. दोन तासांत रोग सापडला असं मला वाटलं.

"डबा कुठे ठेवता, गफारभाई? स्पीकरवर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातल्या बाईबद्दल काही बोलले आहे.

"मॅडम, डबा माझ्या मांडीवर असतो. गेर बदलायला तकलीफ होते, तरी मांडीवर. डाक्टरसाब बोलले होते, यात लोकांचा जीव हाय. स्पीकर तर दोन सालापासून बंद हाय."

स्पीकर खरंच बंद होते. वायरीसुद्धा नव्हत्या. मी पहिला सिद्धांत मागे घेतला आणि चहा घेतला.

सेनगावमार्गे

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, गफारभाईंच्याच जीपने निघालो. नऊ जणांच्या जीपमध्ये आम्ही चौदा होतो. मला पुढे बसवलं, हा मान होता. मानाच्या जागेवर आम्ही चौघं होतो आणि गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला टेकून होता. दोन्ही बाजूंना काळी रानं. सोयाबीन केव्हाच निघालेलं, कापसाच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या, आणि तुरीची काढणी जोरात. कापलेल्या तुरीची बोटभर उंच धसकटं ओळीने उभी होती, भाल्यासारखी टोकदार. त्यातून बायका अनवाणी चालत होत्या. पुण्यात आम्ही फरशीवरही सपाता घालून हिंडतो.

सेनगावचा दवाखाना नीट चालला होता, म्हणून त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

गोरेगाव

गोरेगावचा दवाखाना चालवत होत्या खिल्लारे सिस्टर. वय पन्नाशीचं, पांढरी साडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. डॉक्टर तिथे फक्त मंगळवारी यायचे. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे सिस्टरच. दारात बसलेल्या म्हाताऱ्याने "जय भीम, बाई" म्हटलं, त्यांनी चालता चालता "जय भीम" म्हणत त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, आणि मला म्हणाल्या, "या. तुमच्या मशीनची वाट पाहून राहिले मी."

"दुरुस्तीची का?"

"न्हाई. न्यायला कवा येता त्याची."

मग पुढ्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं ताट आलं. मीठ घालून उकडलेल्या, कोमट. आमच्याकडे तूर म्हणजे वरण. शेंगेत तिला अशी चव असते हे मला सत्तेचाळीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. ताट संपेपर्यंत मी कामाचं काही विचारलं नाही.

त्यानंतर कॉम्प्युटर सुरू केला. लाइट होती, मशीन सुरळीत उठलं. कोपऱ्यात तारीख दिसली. ती दोन महिन्यांपूर्वीची होती.

"सिस्टर, ही तारीख कोणी बदलली?"

"मी," त्या म्हणाल्या. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

"का?"

"काहून म्हंजे? डाक्टर मंगळवारी पेशंट बघतेत. मंगळवारी लाइट न्हाई. मी रजिस्टरात लिहिते, अन लाइट आली की मशीनीत भरते. मंगळवारचा पेशंट शनिवारी भरला तर तुमची मशीन त्याच्यावर शनिवार छापते. शनिवारी डाक्टर इथं नव्हतेच. खोटी तारीख कशी छापायची?" त्यांनी टेबलावरचा रबरी शिक्का उचलला, तारखेच्या पट्ट्या बोटाने फिरवायच्या असतात तो. "ह्याची तारीख आपणच फिरवतो ना? तशीच तिची बी फिरवते. आता नोव्हेंबरचं राहिलेलं भरून राहिले, म्हणून नोव्हेंबर."

मी खुर्चीत मागे टेकले. कॉम्प्युटरचं घड्याळ म्हणजे टेबलावरचा तारखेचा शिक्का, असं या बाईने धरलं होतं. सगळ्या जिल्ह्यात खरी तारीख लिहिण्याचा एवढा आग्रह दुसऱ्या कोणाचा नसेल, आणि त्याच आग्रहामुळे गोरेगावचं प्रत्येक कार्ड हिंगोलीत पोचेपर्यंत सगळ्यांत जुनं ठरत होतं. माझा नियम जुनं कार्ड टाकून देत होता. व्हायरस नव्हता, धूळ नव्हती. ऑपरेटर खोटं बोलेल याचा आम्ही बंदोबस्त केला होता, आणि ऑपरेटर खरं बोलत होती.

"म्हणजे तुम्ही भरलेलं सगळं..."

"पुसतं. म्हाईत हाय मला. सगळं न्हाई, ज्याचं कार्ड दुसरीकडं बी उघडलं त्याचं पुसतं." त्यांनी रजिस्टर ओढलं आणि एक पान उघडलं. "ही बघा. शोभा. इथली सून. आठवा चालू हाय."

नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी शोभाला घशासाठी पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं होतं. पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. डॉक्टर खोलीतच होते म्हणून ती वाचली. सिस्टरनी रजिस्टरात लाल शाईने लिहिलं: पुन्हा कधीही देऊ नये. मग तेच कॉम्प्युटरमध्ये भरलं, अर्थात त्या मंगळवारची तारीख लावून. त्यानंतर शोभा सणाला माहेरी गेली. माहेर वारंगा फाट्याजवळ. तिथल्या दवाखान्यात तिचं वजन घेतलं, ते कार्डावर चढलं, नव्या तारखेचं. हिंगोलीत दोन्ही कार्डं भेटली. वजन राहिलं. पेनिसिलीन गेलं.

"तीनदा भरलं मी," सिस्टर म्हणाल्या. "तीनदा पुसलं. दर बारी त्याच मंगळवारची तारीख टाकली, दुसरी कशी टाकणार? अन आता पोरगी बाळंतपणाला माहेरी गेली. तिथल्या मशीनीत काय हाय? ॲलर्जी, न्हाई."

"वारंग्याला फोन करायचा."

"रस्त्याच्या खोदाईत केबल तुटली. महिना झाला."

"चिठ्ठी पाठवायची."

"डब्यात घातली होती की. दोनदा. हिंगोलीत काढून टाकली. तुमच्याच पुस्तकात लिवलंय म्हणे, डब्यात फ्लॉपीशिवाय काही ठेवू नये."

लिहिलं होतं. सहावं पान, ठळक अक्षरांत. कागदाचे तंतू फ्लॉपीत जातात म्हणून. वाक्य माझंच होतं.

रजिस्टर मी पुढचा अर्धा तास चाळलं. प्रत्येक ओळीला अनुक्रमांक, एक सोडून दुसरा नाही असा सलग. खोडाखोड कुठेच नव्हती. जिथे चुकलं तिथे एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी चूक करणाऱ्याची सही, आणि बरोबर मजकूर पुढच्या नव्या ओळीत. "आमाला नर्सिंगला असंच शिकवलं," सिस्टर म्हणाल्या. "पुसायचं न्हाई. पुसलं तर कोन चुकलं ते कसं कळंल?" मला शिकवणाऱ्यांनी सहा वर्षांत हे सांगितलं नव्हतं.

आम्ही शुक्रवारी वारंग्याला जायचं ठरवलं. सिस्टरनी पंधरा वर्षांत सुटी घेतली नव्हती; दाराला कुलूप लावताना त्यांनी ते तीनदा ओढून पाहिलं.

वारंगा फाटा

हिंगोलीहून कळमनुरीवरून खाली उतरलं की वारंगा फाटा. गाव असं दिसत नाही. रस्ते दिसतात, आणि रस्त्यांच्या कडेला पंक्चरवाले, टपऱ्या आणि उभे ट्रक. इथली खिचडी लोक मुद्दाम थांबून खातात. गफारभाईंनीही जीप थांबवली. मी म्हटलं, आधी दवाखाना. ते म्हणाले, "मॅडम, उपाशी माणसाचं कोनी ऐकत न्हाई," आणि तीन प्लेटी सांगितल्या. खिचडी पिवळीधमक, वर तळलेली मिरची, आणि ती उभ्याने, पाच मिनिटांत. चांगली होती. घाईत खाल्लेल्या अन्नाबद्दल मी सहसा असं म्हणत नाही.

दवाखान्यातला ऑपरेटर कदम इस्त्रीच्या शर्टात, नखं कापलेला. त्याचा कॉम्प्युटर झकास होता, घड्याळ मिनिटाला बरोबर. आमच्या प्रशिक्षणात तो पहिला आला होता. प्रमाणपत्र भिंतीवर होतं, खाली माझी सही.

"शोभा? आल्ती ना, सोमवारी," तो म्हणाला. "तुरीचं धसकट घुसलं पायात. पाय असा सुजलेला. डॉक्टर पेनिसिलीन द्या म्हणले, तर म्हणती मला ते चालत न्हाई. मी कार्ड उघडून दाखवलं. बघा मॅडम, इथं हाय. ॲलर्जी: नाही."

"मग?"

"मग मी म्हणलं, बाई, तुझ्यापेक्षा मशीनला जास्त म्हाईत हाय. तर उठून गेली."

खिल्लारे सिस्टर त्याच्या टेबलाशी गेल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "लेकरा, तुजं लग्न झालं का?"

"न्हाई."

"घाई करू नको."

कदमला रागावायचा हक्क मला नव्हता, कारण 'तोंडी माहितीपेक्षा कार्डावरील नोंद ग्राह्य धरावी' हेही त्या पुस्तकातच होतं. अकरावं पान.

म्हणजे हिशेब असा: आठव्या महिन्यातली बाई, पायात पू, चार दिवस औषधाशिवाय, आणि दवाखान्यावरचा विश्वास संपलेला. जीपने जाता येईल तेवढे गेलो, पुढे पायवाट. सिस्टर माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, पण धसकटांतून असा पाय टाकत होत्या की मला मागून धावावं लागलं. माझ्या पुण्याच्या सँडलचा पट्टा तिथेच तुटला. तो मी ब्रीफकेसच्या कुलपाच्या साखळीने बांधला. ब्रीफकेसचा त्या प्रवासात झालेला एवढाच उपयोग.

शोभा ओसरीवर पडली होती, पाय उशीवर. ताप होता. पाय घोट्यापर्यंत ताणून चकाकत होता. तिची आई दारातच आडवी उभी राहिली.

"आता काहून आले? पोरगी सांगू सांगू थकली. तुमचा तो मशीनवाला तिला खोटी म्हनतो. इंजिक्शन देऊन मारायचं व्हतं का माझ्या लेकीला?"

"आक्का," सिस्टर म्हणाल्या, "मला मारायचं असतं तर नोव्हेंबरातच मारलं असतं. सरा बाजूला, पाय बघू द्या."

आई सरली. शोभा सिस्टरचा हात धरून म्हणाली, "बाई, तुमी म्हनल्या होत्या, लिवलंय म्हणून."

"लिवलं होतं. पुसलं गेलं."

"कोनी पुसलं?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी. म्हणजे मी केलेल्या नियमाने. चूक तुझी नाही आणि यांची पण नाही."

शोभाने मला वरपासून खाली पाहिलं, साखळीने बांधलेल्या सँडलपर्यंत. "मंग चला," ती म्हणाली. "पण इंजिक्शन न्हाई. अन लिवायचं ते माझ्यासमोर."

गफारभाईंनी आणि तिच्या भावाने तिला खाटेवर घालून जीपपर्यंत आणलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय चिरून पू काढला आणि एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या सुरू केल्या, ज्या तिला चालत होत्या. पाय बांधून होताच ती कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसली. कदमने टाइप केलं, मी वाचून दाखवलं, तिने मान हलवली. मग विचारलं, "सोमवारी पुसनार न्हाई ना?"

कदम म्हणाला, "न्हाई न्हाई." सिस्टरनी बोटाने माझ्याकडे दाखवलं.

मी विचार केला. आज वारंग्याची तारीख बरोबर. पण उद्या सेनगावच्या कोणी तिचं जुनं कार्ड उघडून पत्ता दुरुस्त केला, तर तेच खरं ठरणार. घड्याळं सगळी बरोबर असती तरी हेच झालं असतं. नियमच असा होता की दोन माणसांनी दोन खऱ्या गोष्टी लिहिल्या तरी एक फेकायची. तो बदलायला पुण्याला जायला हवं, बैठक व्हायला हवी, महिने जाणार. बाळंतपणाला उरले होते सहा आठवडे.

"सर बाजूला," मी कदमला म्हटलं. कॉम्प्युटरची तारीख बदलली. वर्ष टाकलं दोन हजार नव्व्याण्णव, महिना डिसेंबर, दिवस एकतीस. त्यापुढची तारीख ते यंत्र घेतच नाही. कार्ड पुन्हा साठवलं, आणि घड्याळ पूर्ववत केलं.

कदमचा चेहरा उतरला. "मॅडम, तुमीच शिकवलंय, तारखेला हात लावायचा न्हाई."

"हो. शिकवताना मी गोरेगावला गेले नव्हते."

"काय केलं?" शोभाने विचारलं.

"तुझं कार्ड नव्व्याण्णव वर्षं पुढे नेऊन ठेवलं. आता याच्याहून नवं कार्ड कोणाचं असणार नाही. याला कोणी पुसू शकत नाही."

ती प्रथमच हसली. "तवा मी कुटं असन?"

"तू असशील नसशील," सिस्टर म्हणाल्या, "पेनिसिलीन न्हाई हे ऱ्हाईल."

शनिवारी हिंगोलीत डबा उघडला आणि चारही फ्लॉप्या एकत्र केल्या. डॉ. मुंदडा माझ्या शेजारी उभे होते. शोभाचं कार्ड गेलं नाही. त्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे एका खऱ्या तारखेने बिघडलं आणि एका खोट्या तारखेने सुधारलं. हे तुमच्या पुस्तकात कुठल्या पानावर घालणार?"

पुन्हा गोरेगाव

पुण्यात नियम बदलायला पाच महिने लागले. नवी पद्धत म्हणजे खिल्लारे सिस्टरचं रजिस्टर, दुसरं काही नाही. प्रत्येक दवाखान्याचा स्वतःचा सलग अनुक्रमांक. कोणतीही ओळ पुसायची नाही. चुकलं तर रेघ, सही आणि नवी ओळ. हिंगोलीत फेकाफेक बंद. चौघांच्या सगळ्या ओळी एकत्र मांडायच्या, आणि दोन ओळी एकमेकींशी भांडत असतील तर दोन्ही दाखवून माणसाला विचारायचं. घड्याळावर काहीच अवलंबून नाही. आमच्या साहेबांनी आधी म्हटलं की फ्लॉप्या भरून जातील. मग, चालतंय असं दिसल्यावर, त्यांनी त्यावर एका परिषदेत भाषण दिलं. भाषणात गोरेगाव नव्हतं. आमच्या भिंतीवरच्या नकाशात अजून जिल्हाच नव्हता, त्यामुळे निदान सुसंगत होतं.

त्यानंतर अडीच वर्षांनी, तुरीच्याच दिवसांत, मी पुन्हा गेले, या वेळी कोणी पाठवलं नव्हतं. टेलिफोन बऱ्यापैकी लागत होता, तरी शनिवारी डबा निघतच होता. गफारभाईंचा फोनवर विश्वास नव्हता. वारंग्याचा कदम आता बाईला आधी विचारतो आणि मग स्क्रीन बघतो असं ऐकलं. त्याचं लग्न झालं होतं.

गोरेगावला सिस्टरनी शेंगांचं ताट ठेवलं आणि कॉम्प्युटर लावला. तारीख त्याच दिवसाची होती. "आता फिरवत न्हाई," त्या म्हणाल्या. "ओळीतच लिहिते, कोन्या मंगळवारचं ते. पण तुमाला एक दाखवायचंय."

शोभाचं कार्ड. पहिली ओळ: पेनिसिलीन नाही. आठवा महिना चालू. तारीख, एकतीस डिसेंबर दोन हजार नव्व्याण्णव.

मला लगेच कळलं. माझी ती तारीख इतकी पुढची होती की तिच्यानंतरचं काहीच, त्या पाच महिन्यांत, कार्डावर टिकलं नव्हतं. बाळंतपण भरलं, पुसलं. बाळाचं वजन भरलं, पुसलं. लसी पुसल्या. गोरेगावला जे मी ऐकलं होतं तेच मी स्वतः एका बाईच्या वाट्याला नीट बसवून दिलं होतं. नवी पद्धत येईपर्यंत सगळ्या जिल्ह्याच्या यंत्रांत शोभा आठव्या महिन्याची होती, आणि ती ओळ अजून तशीच होती.

तेवढ्यात ती स्वतःच आली, कडेवर पावणेतीन वर्षांचा गलेलठ्ठ मुलगा, हातात भाकरीचा तुकडा. मला ओळखलं ते सँडलवरून.

"अजून आठवाच का माझा, मॅडम?" ती म्हणाली. "सासू तर म्हनती, हे पोरगं कोनाचं मंग?"

मी म्हटलं, "सिस्टर, ही ओळ काढून टाका."

"काढायची न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "तुमचाच नियम हाय." त्यांनी कपाटातून कागदाचं रजिस्टर काढलं, कारण कॉम्प्युटरवरची प्रत्येक ओळ त्या अजून त्यातही लिहीत होत्या. शोभाचं पान उघडलं. दोन हजार नव्व्याण्णववर एक आडवी रेघ पट्टीने ओढली, खालचं वाचता येईल अशी. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"चुकलं त्याची सही लागते."

मी सही केली.

त्यांनी चष्मा वर करून पाहिली. "हे काय गिचमिड? पूर्ण नाव लिवा. पुढचं कोन बघंल त्याला कळलं पाहिजे."

मी पूर्ण नाव लिहिलं. शोभाने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून पाहिलं.